पायथनमध्ये पहिला पोर्ट स्कॅनर: ‘नाही’ आणि ‘उत्तरच नाही’

पोर्ट म्हणजे मशीनवरच्या एकेका सेवेचा क्रमांक दिलेला दरवाजा, आणि पोर्ट स्कॅनर म्हणजे त्यांतले कोणते उघडे आहेत ते तपासणारा प्रोग्रॅम. नवीन शिकणाऱ्यांनी लिहिलेले पोर्ट स्कॅनर वाचले की बहुतेकांत एकच ओळ सापडते: जोडणी झाली तर ‘उघडं’ छापा, नाही झाली तर ‘बंद’ छापा. प्रोग्रॅम चालतो, निकाल दिसतात, लिहिणारा खूश होतो. पण त्या ‘नाही झाली तर’मध्ये दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरलेल्या असतात. समोरच्या मशीनने स्पष्ट नकार दिला, ही एक. समोरून काहीच आलं नाही, ही दुसरी. नकार आला म्हणजे मशीन जिवंत आहे, तुमचं पॅकेट (पाठवलेल्या माहितीचा तुकडा) तिथवर पोचलं आणि त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही, एवढं बऱ्यापैकी खात्रीने कळतं. काहीच आलं नाही तर यातलं एकही खात्रीने कळत नाही. म्हणून आपण पहिल्या दिवसापासून तीन निकाल देणारा स्कॅनर लिहू: उघडं, बंद आणि गप्प.

पायथन ३ आणि त्याच्यासोबत येणारी स्टँडर्ड लायब्ररी एवढंच लागेल, वेगळं काही बसवायचं नाही. कोडच्या ओळी मी इथे मराठीत सांगतोय. त्या स्वतःच्या हाताने टाइप करा, चिकटवू नका. तीसेक ओळींचा प्रोग्रॅम आहे आणि त्यातली प्रत्येक ओळ का आहे ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

आधी परवानगीचं

स्वतःचं मशीन, स्वतःचा राउटर किंवा ज्याच्या मालकाने स्पष्ट ‘हो’ म्हटलंय ते मशीन, एवढ्यांवरच स्कॅनर चालवायचा. ऑफिसचं किंवा कॉलेजचं नेटवर्क आपण रोज वापरतो म्हणून ते आपलं होत नाही. तिथे ज्याच्या हातात नेटवर्क आहे त्याला विचारा, आणि परवानगी लेखी घ्या. आपण जो स्कॅनर लिहिणार आहोत तो पूर्ण जोडणी करतो, त्यामुळे समोरच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये तुमच्या पत्त्यासह त्याची नोंद राहू शकते.

बाहेरचं एखादं मशीन हवंच असेल तर एनमॅप प्रकल्पाने सरावासाठी एक यंत्र मोकळं ठेवलंय: स्कॅनमी डॉट एनमॅप डॉट ऑर्ग. गॉर्डन लायन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेलं एनमॅप हे या कामातलं सर्वांत नावाजलेलं साधन आहे. त्यांच्या या यंत्रावर दिवसातून थोडे स्कॅन चालतात, शंभर वेळा नव्हे. आपला बहुतेक सराव मात्र १२७.०.०.१ वरच होईल, म्हणजे स्वतःच्याच मशीनवर.

पॅकेट जातं तेव्हा नेमकं काय होतं

पोर्ट हा १६ बिटांचा आकडा आहे, म्हणून तो ० ते ६५५३५ या मर्यादेत राहतो. ० राखीव असल्याने आपण १ पासून सुरू करू. १०२३ पर्यंतचे आकडे ओळखीच्या सेवांसाठी ठेवलेले आहेत: २२ वर एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन), २५ वर ईमेल, ८० वर वेब, ४४३ वर सुरक्षित वेब. १०२४ ते ४९१५१ हे नोंदणी करून घ्यायचे, आणि त्यापुढचे तात्पुरत्या वापराचे. ही वाटणी केवळ संकेताची आहे. कुणी २२ वर वेब सर्व्हर चालवला तर त्याला अडवणारं काही नाही. आकडा बघून सेवा ओळखायची नसते, हे आत्ताच मनात पक्कं करून ठेवा.

टीसीपी म्हणजे पॅकेटं पोचल्याची खात्री करत दोन मशीनना जोडणारा नियम. ही जोडणी तीन पॅकेटांत होते. आपण ‘सिन’ पाठवतो, समोरून ‘सिन-ॲक’ येतं, आपण ‘ॲक’ पाठवतो. याला थ्री-वे हँडशेक म्हणतात. त्या पोर्टवर कुणी ऐकतच नसेल तर समोरची ऑपरेटिंग सिस्टिम ‘रिसेट’ पाठवते. टीसीपीचा १९८१ चा मूळ दस्तऐवज, आरएफसी ७९३, हेच सांगतो. २०२२ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या आरएफसी ९२९३ मध्येही हा नियम तसाच आहे. तिसरी शक्यता अशी, की मध्ये बसलेली फायरवॉल, म्हणजे नको असलेली पॅकेटं अडवणारी चौकी, आपलं ‘सिन’ गिळून टाकते आणि कुणालाच काही सांगत नाही. मशीन बंद असेल किंवा पॅकेट वाटेत हरवलं, तरी आपल्याला तीच शांतता मिळते.

फोन लावल्यासारखंच हे आहे: फोन उचलला गेला, ‘इथे त्या नावाचं कुणी नाही’ असं उत्तर आलं, किंवा रिंग नुसती वाजत राहिली. शेवटच्या वेळी माणूस घरात नाही की फोनच बिघडलाय, हे तुम्ही सांगू शकत नाही.

सरावाचं मैदान

स्कॅनर लिहिण्याआधी तीनही निकाल मुद्दाम तयार करता आले पाहिजेत, नाहीतर आपला प्रोग्रॅम खरं बोलतोय की नाही ते कळायचं कसं?

उघड्या पोर्टसाठी एक टर्मिनल उघडा आणि पायथनच्या एचटीटीपी डॉट सर्व्हर या मॉड्यूलला पायथनच्या ‘वजा एम’ पर्यायाने चालवा, पुढे ८००० हा आकडा द्या. ते टर्मिनल तसंच चालू ठेवा. बंद पोर्ट म्हणून ८००१ घ्या, तिथे बहुधा काही चालत नसेल.

गप्प निकालासाठी १९२.०.२.१ हा पत्ता घ्या. हा पट्टा आरएफसी ५७३७ ने केवळ उदाहरणांत वापरायला राखून ठेवलाय, खऱ्या मशीनला तो दिला जात नाही. तिकडे पाठवलेल्या पॅकेटला बहुतेक वेळा काहीच उत्तर येत नाही. काही राउटर मात्र ‘तिकडे वाट नाही’ असं लगेच कळवतात. तुमच्याकडे तसं झालं तर घाबरू नका, तो चौथा निकाल आपण पुढे सांभाळणार आहोत. लिनक्सवर काम करत असाल आणि फायरवॉलच्या नियमांशी ओळख असेल, तर स्वतःच्याच मशीनवर ८००२ साठी ‘ड्रॉप’चा, म्हणजे पॅकेट न सांगता टाकून देण्याचा, नियम घाला, तो सर्वांत भरवशाचा.

एका पोर्टची तपासणी

सगळा जीव या एका फंक्शनमध्ये आहे. फाइलच्या वर सॉकेट आणि एररनो ही दोन मॉड्यूलं इम्पोर्ट करा. सॉकेट म्हणजे जोडणीचं आपल्याकडचं टोक. मग फंक्शन असं:

तपास, त्याला मिळतात: पत्ता, पोर्ट, थांबा
    इंटरनेट पत्त्याचं, स्ट्रीम प्रकारचं एक सॉकेट उघड. काम झालं की आपोआप मिटू दे
        सॉकेटचा टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मर्यादा, ‘थांबा’एवढा ठेव
        कोड = (पत्ता, पोर्ट) या जोडीला जोडण्याचा प्रयत्न
    कोड ० असेल तर परत दे ‘उघडं’
    कोड नकाराचा असेल तर परत दे ‘बंद’
    कोड वेळ संपल्याचा असेल तर परत दे ‘गप्प’
    यातलं काहीच नसेल तर कोडच परत दे

आता एकेक ओळ पायथनमध्ये उतरवू. सॉकेट उघडताना पहिला पर्याय एएफ अंडरस्कोर इनेट, म्हणजे आयपीव्ही ४ चा पत्ता. दुसरा सॉक अंडरस्कोर स्ट्रीम, म्हणजे टीसीपी. ‘आपोआप मिटू दे’ यासाठी सॉकेट ‘विथ’च्या ओळीत उघडायचं. हे विसरलात तर १० पोर्टना काही जाणवणार नाही, हजारो पोर्ट तपासताना मात्र उघडी सॉकेटं साचून राहू शकतात.

जोडण्यासाठी दोन पद्धती आहेत. साधं ‘कनेक्ट’ अपयश आलं की एक्सेप्शन फेकतं. ‘कनेक्ट अंडरस्कोर ईएक्स’ तेच काम करतं, पण अपयशाचा आकडा परत देतं. आपल्याला आकडाच हवा आहे, म्हणून दुसरी पद्धत. इथे बरेच जण अडखळतात: या पद्धतीला पत्ता आणि पोर्ट असे दोन वेगळे पर्याय चालत नाहीत, दोघांची एक जोडी, म्हणजे टपल, द्यावी लागते. त्यामुळे कंस दुहेरी येतात. एकेरी कंस दिलात तर टाइप-एरर मिळेल. वापरकर्त्याकडून पोर्ट विचारून घेत असाल तर त्याचं पूर्णांकात रूपांतर करायला विसरू नका, ‘इनपुट’ नेहमी मजकूरच परत देतं.

फंक्शन लिहून झालं की लूप वगैरे काही न लावता तीन वेळा हाताने बोलवा: १२७.०.०.१ वर ८०००, मग ८००१, मग १९२.०.२.१ वर ८०. थांबा ३ सेकंद द्या. पहिले दोन निकाल डोळ्याची पापणी लवायच्या आत येतील, तिसरा बरोबर ३ सेकंदांनी. विंडोजवर दुसरा निकालही रेंगाळतो, त्याचं कारण पुढे येईल. हा वेळेतला फरक स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पुढे स्कॅन रेंगाळला की त्याचं कारण तुम्हाला आपसूक कळेल.

परत आलेला आकडा वाचायचा कसा

० म्हणजे जोडणी झाली. बाकीचे आकडे ऑपरेटिंग सिस्टिमप्रमाणे बदलतात. नकाराचा आकडा लिनक्सवर १११, मॅकवर ६१, विंडोजवर १००६१. टाइमआउट संपला तर लिनक्सवर ११, मॅकवर ३५, विंडोजवर १००३५. म्हणून कोडमध्ये आकडे लिहायचे नाहीत, एररनो मॉड्यूलमधली नावं वापरायची. नकारासाठी ‘ई-कॉन-रिफ्यूज्ड’ आणि टाइमआउटसाठी ‘ई-वुड-ब्लॉक’, दोन्ही सलग आणि कॅपिटल अक्षरांत. मग हीच फाइल तिन्हीकडे चालते.

टाइमआउटच्या या आकड्याने मला सुरुवातीला बराच वेळ गोंधळात टाकलं होतं. लिनक्सवर ११ चा अर्थ विचारलात तर सिस्टिम सांगते, ‘साधन तात्पुरतं उपलब्ध नाही’. वाटतं आपल्याच मशीनमध्ये काहीतरी संपलंय. तसं काही नसतं. टाइमआउट लावला की पायथन आतून सॉकेटला न थांबणाऱ्या अवस्थेत टाकतो आणि स्वतः घड्याळ बघत बसतो. वेळ संपली की ‘अजून झालेलं नाही’ या अर्थाचा हा आकडा तो आपल्या हातात देतो.

आणखी दोन आकडे कधीतरी भेटतील: लिनक्सवर ११३ म्हणजे त्या मशीनपर्यंत पोचता आलं नाही, १०१ म्हणजे त्या नेटवर्ककडे वाटच नाही. हे ‘बंद’ नव्हेत आणि ‘गप्प’ही नव्हेत. कुणीतरी तुम्हाला काहीतरी सांगितलंय, फक्त ते सांगणारं ते पोर्ट नाही. अशा वेळी आपलं फंक्शन आकडा जसाच्या तसा परत देतं, आणि तेच बरोबर आहे. ओळखीच्या नसलेल्या उत्तराला ओळखीच्या खणात ढकलायचं नाही.

टाइमआउट किती ठेवायचा

टाइमआउट लावलाच नाही तर लिनक्स नेहमीच्या सेटिंगमध्ये दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ प्रयत्न करत राहतो. पहिलं ‘सिन’ गेल्यावर १ सेकंद वाट, मग पुन्हा ‘सिन’, आणि पुढे वाट बघायचा वेळ वाढत जातो, शेवटी ६४ सेकंदांपर्यंत. एका गप्प पोर्टपायी दोन मिनिटं गेली.

म्हणून बहुतेक जण टाइमआउट १ सेकंद किंवा अर्धा सेकंद ठेवतात. वरची आकडेमोड पुन्हा बघा. दुसरं ‘सिन’ १ सेकंदाने निघतं. तुमचा टाइमआउट १ सेकंदाचा असेल तर दुसरा प्रयत्न निघण्याआधीच तुम्ही सॉकेट मिटवून टाकता. वाटेत एकच पॅकेट हरवलं तरी पुरेसं आहे, धडधडीत उघडं पोर्ट ‘गप्प’ म्हणून नोंदलं जाईल. टाइमआउट २ सेकंद ठेवला तर दुसऱ्या प्रयत्नालाही उत्तर यायला अवकाश मिळतो. वायफायवरून किंवा लांबच्या मशीनवर स्कॅन करताना मी २ च्या खाली जात नाही.

विंडोजवर आणखी एक गोष्ट आहे. तिथे नकार आला तरी सिस्टिम लगेच हार मानत नाही, थोड्या थोड्या अंतराने पुन्हा ‘सिन’ पाठवून बघते, आणि बंद पोर्टचा निकाल यायला साधारण २ सेकंद लागतात, अगदी १२७.०.०.१ वरसुद्धा. तिथे टाइमआउट १ ठेवलात तर सगळी बंद पोर्टं तुम्हाला गप्प दिसतील. प्रोग्रॅममध्ये चूक नाही, आपण उत्तर यायच्या आत उठून गेलो. विंडोजवर ३ ठेवा.

लूप, आणि नावाचा पत्ता

१ ते १०२४ अशा लूपमध्ये ‘तपास’ बोलवलं की स्कॅनर तयार झाला. त्याआधी एक काम: वापरकर्त्याने यंत्राचं नाव दिलं असेल तर ‘गेट-होस्ट-बाय-नेम’ने त्याचा आयपी पत्ता लूपच्या बाहेर, एकदाच काढून घ्या. नाव तसंच आत पाठवलंत तर प्रत्येक पोर्टसाठी नव्याने नाव शोधलं जाईल, आणि आपण लावलेला टाइमआउट त्या शोधाला लागू होत नाही. नाव चुकीचं असेल तर ‘कनेक्ट अंडरस्कोर ईएक्स’ इथे मात्र आकडा देत नाही, एक्सेप्शनच फेकतं. बाहेर शोधलंत तर ते एकाच जागी पकडता येतं.

‘लोकलहोस्ट’ हे नाव टाळा, आकड्यात पत्ता द्या. त्या नावाचे आयपीव्ही ४ आणि आयपीव्ही ६ असे दोन पत्ते असू शकतात. काही सर्व्हर फक्त आयपीव्ही ६ वर ऐकत बसतात, आणि आपला स्कॅनर तिकडे बघतच नाही.

थ्रेड: वेगाची किंमत

१०२४ गप्प पोर्टं, प्रत्येकी २ सेकंद, म्हणजे ३४ मिनिटं. सगळी ६५५३५ तपासायची तर ३६ तासांहून जास्त. हा सगळा वेळ नुसता वाट बघण्यात जातो, प्रोसेसर रिकामा बसलेला असतो, म्हणून इथे थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये शेजारी शेजारी चालणाऱ्या कामाच्या वाटा, चपखल बसतात. कॉन्करंट डॉट फ्यूचर्स मॉड्यूलमधला थ्रेड-पूल-एक्झिक्यूटर घ्या, मॅक्स-वर्कर्स १०० द्या, आणि त्याच्या ‘मॅप’ला आपलं फंक्शन (पत्ता आणि थांबा आधीच भरून, फक्त पोर्ट घेणारं) आणि पोर्टांची यादी द्या. तेच ३६ तासांचं काम २२ मिनिटांच्या आसपास येतं.

थ्रेडच्या आत ‘प्रिंट’ करू नका, ओळी एकमेकींत घुसतात. फंक्शनने निकाल परत द्यावा, छपाई सगळी बाहेर. ‘मॅप’ निकाल दिलेल्या क्रमानेच परत देतं, त्यामुळे वेगळं क्रम लावणंही नको.

१०० ने एवढं काम होतं तर २००० का नको, असा मोह प्रत्येकाला होतो. एक तर उघड्या सॉकेटांना मर्यादा असते. बऱ्याच लिनक्स मशीनवर ती एका प्रोग्रॅमला १०२४ फाइल-हँडल इतकी असते, मॅकवर २५६. ती ओलांडली की क्रमांक २४ ची एरर येते, उघड्या फाइल फार झाल्या म्हणून. ही दिसते तरी. न दिसणारी अडचण जास्त वाईट. एकाच क्षणी शेकडो ‘सिन’ निघाले की लहान राउटरची जोडण्यांची नोंदवही भरते, तो पॅकेटं टाकून देऊ लागतो, आणि तुमच्या निकालात ‘गप्प’ची संख्या वाढते. ही शांतता तुम्ही स्वतः तयार केलेली असते. ती ओळखायची युक्ती सोपी आहे: तोच स्कॅन एकदा ५० थ्रेडनी आणि एकदा ५०० नी चालवा. गप्प पोर्टांची संख्या बदलली तर ५०० चा निकाल फेकून द्या.

मी नेहमी दोन फेऱ्या करतो. पहिली १०० थ्रेडनी. मग जी पोर्टं गप्प निघाली फक्त त्यांची दुसरी फेरी, १० थ्रेड आणि जास्त टाइमआउट. स्वतःच्या नेटवर्कमध्ये गप्प पोर्टं थोडीच असतात, त्यामुळे वेळ फार जात नाही. ‘उघडं’ आणि ‘बंद’ ही मिळालेली उत्तरं आहेत, ती पुन्हा विचारायची गरज नाही.

जे पोर्ट कुणीच उघडलं नव्हतं

लिनक्सवर १२७.०.०.१ ची सगळी ६५५३५ पोर्टं तपासून बघा. मग सिस्टिमला स्वतःला विचारा कोणती पोर्टं ऐकतायत. लिनक्सवर त्यासाठी ‘एसएस’ ही कमांड आहे, ‘वजा एलटीएन’ पर्यायासह. विंडोजवर ‘नेटस्टॅट’. दोन्ही याद्या शेजारी ठेवून जुळवा. ही सवय मी प्रत्येकाला लावायला सांगतो, कारण स्कॅनरचा खरेपणा तपासायचा याहून सरळ मार्ग नाही.

माझ्याकडे एकदा याद्या जुळल्या नाहीत. स्कॅनर चाळीस हजारांच्या पुढचं एक पोर्ट उघडं म्हणत होता, सिस्टिमच्या यादीत त्याचा पत्ता नव्हता. पुन्हा चालवला तर ते पोर्ट बंद. मग कधीतरी दुसरंच एखादं उघडं. कुणीतरी प्रोग्रॅम उघडतोय आणि लगेच बंद करतोय असं वाटून मी बराच वेळ भलतीकडे शोधत राहिलो.

कारण असं होतं. आपण जोडणी करतो तेव्हा आपल्या बाजूलाही एक पोर्ट लागतं, ते सिस्टिम स्वतः निवडते. लिनक्सवर ते नेहमीच्या सेटिंगमध्ये ३२७६८ ते ६०९९९ यांतलं असतं. आपण स्वतःच्याच मशीनवर त्याच पट्ट्यातलं एखादं पोर्ट तपासत असू, आणि सिस्टिमने योगायोगाने आपल्या बाजूला नेमकं तेच दिलं, तर आपलं ‘सिन’ आपल्याच सॉकेटवर येऊन आदळतं. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी जोडणी सुरू करण्याची सोय टीसीपीमध्ये मुळातच आहे, त्यामुळे सॉकेट स्वतःशीच जोडलं जातं आणि कोड येतो ०. ऐकणारं कुणी नसताना पोर्ट उघडं.

यावर एका ओळीचा उपाय आहे. कोड ० आला की, सॉकेट मिटायच्या आत, ‘गेट-सॉक-नेम’ आणि ‘गेट-पिअर-नेम’ यांची तुलना करा. पहिलं आपल्या टोकाचा पत्ता देतं, दुसरं समोरच्या टोकाचा. दोन्ही एकच असतील तर आपण स्वतःशीच बोलतोय, निकाल ‘बंद’ द्या. दुसऱ्या मशीनचा स्कॅन करताना हे होत नाही, कारण पत्तेच वेगळे असतात.

पोर्टमागे कोण बसलंय

जोडणी झाली म्हणजे मागचा प्रोग्रॅम ठणठणीत आहे असंही नाही. हँडशेक प्रोग्रॅम करत नाही, ऑपरेटिंग सिस्टिम करते. खात्री करायची असेल तर पाच ओळींचा सर्व्हर लिहा: सॉकेट उघडा, ‘बाइंड’ करा, ‘लिसन’ करा, आणि ‘ॲक्सेप्ट’ न बोलवता लांबलचक ‘स्लीप’ द्या. स्कॅनर त्याला बिनदिक्कत ‘उघडं’ म्हणेल. अडकून पडलेला सर्व्हरही सुरुवातीला असाच दिसतो.

म्हणून जोडणी झाल्यावर समोरचा स्वतःहून काही म्हणतो का ते ऐकायचं. याला बॅनर म्हणतात. त्याच सॉकेटवर ‘रिसीव्ह’ (कोडमध्ये आर-ई-सी-व्ही) बोलवा आणि १०२४ बाइट मागा. एसएसएच सर्व्हर जोडणी होताच आपली ओळख पाठवतो, तिची सुरुवातच ‘एसएसएच’ या अक्षरांनी होते. ईमेल आणि फाइल-ट्रान्सफरचे सर्व्हर २२० या आकड्याने सुरू होणारी ओळ पाठवतात. वेब सर्व्हर मात्र तुम्ही आधी विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. म्हणून ‘रिसीव्ह’लाही टाइमआउट संपण्याची तयारी ठेवा. ‘कनेक्ट अंडरस्कोर ईएक्स’सारखं ते आकडा देत नाही, एक्सेप्शन फेकतं, ते पकडावं लागेल. जे येईल ते बाइटमध्ये असतं. मजकुरात बदलताना ‘एरर्स’ला ‘रिप्लेस’ सांगा, नाहीतर एका विचित्र बाइटवर अख्खा स्कॅन कोसळेल.

बॅनरमध्ये लिहिलेली आवृत्ती हा सर्व्हरचा स्वतःविषयीचा दावा आहे. तो बदलता येतो, लपवताही येतो. अहवालात तो ‘सर्व्हरने असं सांगितलं’ एवढ्याच वजनाने लिहा.

दुसऱ्या मशीनवरून

तुमच्याकडे दुसरं मशीन असेल तर पहिल्यावर तो ८००० वाला सर्व्हर पुन्हा सुरू करा, या वेळी ‘बाइंड’ पर्यायाला १२७.०.०.१ देऊन. आता पहिल्या मशीनवरून १२७.०.०.१ तपासा: उघडं. दुसऱ्या मशीनवरून पहिल्याचा नेटवर्कमधला पत्ता तपासा: बंद. बाइंड काढून टाका आणि पुन्हा बघा. आता दुसऱ्यावरूनही उघडं येईल. गप्प आलं तर पहिल्या मशीनची फायरवॉल मध्ये उभी आहे.

हा प्रयोग चुकवू नका. घरातला किंवा ऑफिसातला डेटाबेस चुकून सगळ्यांसाठी उघडा राहतो तो नेमका या एका पर्यायामुळे, आणि स्वतःच्या मशीनवर बसून १२७.०.०.१ कितीही वेळा तपासलंत तरी ते दिसत नाही. मायएसक्यूएलचं ३३०६, पोस्टग्रेसचं ५४३२, रेडिसचं ६३७९: ही तीन तरी दुसऱ्या मशीनवरून तपासा. आतून उघडं आणि बाहेरून बंद किंवा गप्प, असं उत्तर तिथे यायला हवं.

यूडीपीबद्दल थोडं

हेच फंक्शन यूडीपीला, म्हणजे टीसीपीशिवाय पॅकेटं पाठवायच्या दुसऱ्या पद्धतीला, चालेल का, हा प्रश्न पुढच्याच दिवशी पडतो. चालणार नाही, कारण यूडीपीत हँडशेकच नाही. पॅकेट पाठवायचं आणि बघत बसायचं. पोर्ट बंद असेल तर समोरची सिस्टिम आयसीएमपीने, म्हणजे नेटवर्कमधल्या अडचणी कळवणाऱ्या निरोपाने, ‘पोर्ट मिळालं नाही’ असं कळवते, आणि जोडलेल्या यूडीपी सॉकेटवर ते नकाराच्या एररच्या रूपात दिसतं. पोर्ट उघडं असेल आणि मागच्या प्रोग्रॅमला तुमचं पॅकेट समजलं नाही, तर तो बहुधा गप्प बसतो. फायरवॉलने गिळलं तरी शांतताच. म्हणजे टीसीपीत जी शांतता अपवाद होती, ती यूडीपीत उघड्या पोर्टची नेहमीची खूण होऊन बसते.

शिवाय लिनक्स असे आयसीएमपी निरोप मोजून मापून सोडतो, सेकंदाला एखादा. घाईने हजार पोर्टं तपासलीत तर बंद पोर्टंसुद्धा गप्प दिसतील. म्हणून यूडीपीसाठी सरसकट स्कॅन न लिहिता मोजक्या सेवा घ्या आणि प्रत्येकीला तिच्या भाषेतला प्रश्न पाठवा: ५३ वर डीएनएसची (नावावरून पत्ता शोधण्याची) खरी विचारणा, १२३ वर वेळ विचारणारं एनटीपीचं ४८ बाइटचं पॅकेट. उत्तर आलं तर उघडं. नाही आलं तर तीच तीन शब्दांतली तिसरी नोंद करा: गप्प.